ओव्हर देताना "इन्सुलिन आहे" म्हणजे दिलंय की द्यायचंय?

सातवा_वॉर्ड

नमस्कार. २४ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. आधी स्टाफ, मग मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज, गेली काही वर्षं सुपरवायझर. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीच्या ताब्यात पेशंट देते, त्याला आपण सगळेच "ओव्हर" म्हणतो. त्यावर इथे कधी नीट बोलणं झालेलं नाही, म्हणून हा धागा.

आधी घडलेलं सांगते. रुग्णालय आताचं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

अकरा नंबरला मधुमेहाचे एक आजोबा होते, कानानं कमी ऐकणारे. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलीनं पावणेआठला त्यांना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं. ३०/७० मिश्रणाचं, १८ युनिट. तक्त्यावर सही करायला पेन काढलं तोच ओटीतून पेशंट आला म्हणून हाक आली. ट्रॉली, ऑक्सिजन, ड्रेन, बीपी यात पंधरा मिनिटं गेली आणि सही राहून गेली. आठला रात्रीची मुलगी आली. काउंटरपाशी उभ्यानं ओव्हर झाली, २२ पेशंट, दहा मिनिटं. आजोबांच्या वाट्याला एवढंच वाक्य आलं: "अकरा नंबर, शुगरचे आजोबा, इन्सुलिन आहे, जेवण अजून आलं नाही."

देणारीला म्हणायचं होतं की इन्सुलिन देऊन झालंय आणि जेवण आलेलं नाही, तेव्हा लक्ष ठेव. घेणारीला ऐकू आलं की इन्सुलिन द्यायचंय, जेवण आलं की दे. तिनं तक्ता पाहिला, सहीचा चौकोन रिकामा. साडेआठला जेवणाची गाडी आली, तिनं १८ युनिट दिलं आणि सहीही केली. संध्याकाळभर बसलेली सून घरी गेली होती, तिच्या जागी मुलगा आला होता. नातेवाईकांचीही पाळी बदलते, हे आपण विसरतो. पहिलं इंजेक्शन पाहिलेलं कुणीच खोलीत उरलं नव्हतं.

रात्री अडीचला मुलगा काउंटरवर आला. "बाबांचं अंग गार पडलंय, बनियन घामानं भिजलंय." ग्लुकोमीटरवर साखर फक्त ३८. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, मग ड्रिप, दर पंधरा मिनिटांनी साखर. पहाटे पाचला आजोबांनी चहा मागितला तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

त्या रात्रीची सुपरवायझर मी होते. रात्री अकरा वाजताच्या फेरीत मी रात्रीच्या मुलीला विचारलं होतं, "सगळं ठीक ना?" ती म्हणाली होती, "हो मॅडम." तिच्या लेखी सगळं ठीकच होतं.

चौकशीत दोघींना मेमो मिळाले आणि विषय मिटला. मला ते आजही पटलेलं नाही, कारण ते वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं तसंच बोलत आले होते. "अँटिबायोटिक आहे", "ब्लड आहे", "सोनोग्राफी आहे", "कॅथेटर आहे". ब्लड आहे म्हणजे चालू आहे, मागवायचं आहे की पिशवी फ्रीजमध्ये आलेली आहे? मराठीत "आहे" इतकं सहज तोंडात येतं की त्यानं काम झालं की राहिलं ते कळतच नाही.

आता मी जिथे आहे तिथे ओव्हरमध्ये औषधाला "आहे" लावायचं नाही असं ठरवलंय. "दिलंय, इतक्या वाजता." "द्यायचंय, इतक्या वाजता." "थांबवलंय, अमुक डॉक्टरांनी सांगितलं म्हणून." सुरुवातीला मुली अडखळायच्या, हसायच्या. पंधरा दिवसांत सवय झाली.

दुसरं, ओव्हर काउंटरवर संपवायची नाही. दोघींनी खाटेपाशी जायचं आणि घेणारीनं हात लावायचा. सलाईनची जागा सुजली नाही ना, कॅथेटरच्या पिशवीत किती आणि कुठल्या रंगाचं, ड्रेन भरलाय का, कुशीवर वळवून पाठ बघायची. देणारीनं "पाठ चांगली" म्हटलं तरी घेणारीनं स्वतः पाहिलं पाहिजे.

तिसरं मलाच लागू. ओव्हरच्या वेळी मी रोज एका वॉर्डात जाऊन उभी राहते. मधे बोलत नाही. संपल्यावर दोन खाटा निवडते आणि घेणारीला विचारते: "चौदा नंबरचं आता काय बाकी आहे?" देणारीला विचारून उपयोग नाही, तिला माहीतच असतं. शिवाय ती पंधरा-वीस मिनिटं मी सांभाळते. फोन मी उचलते. तातडीचा पेशंट सोडून नवीन ॲडमिशन कॅज्युअल्टीत थोडी थांबवते. रजिस्टरवर तपासल्याच्या सह्या करत बसण्यापेक्षा सुपरवायझरचं खरं काम हे आहे, असं माझं ठाम मत झालंय.

तुमच्याकडे कसं चालतं? नर्सिंगबाहेरच्यांनीही लिहा. ओव्हर चालू असताना खाटेवर पडून ती ऐकणाऱ्यांचं तर मला आवर्जून ऐकायचंय.

नाईट_ऑफ

ताई, "आहे" वाचून अंगावर काटा आला. मी आयसीयूत ब्रदर आहे. आमच्याकडे याचंच भावंड म्हणजे "नॉरॲड पाचनं चालू". नॉरॲड म्हणजे बीपी टिकवणारं औषध. पाच मिली तासाला, हे कळलं. पण ५० मिलीच्या सिरिंजमध्ये किती ॲम्प्यूल घातलेत? एकानं डबल स्ट्रेंथ केलेली असते, घेणारा पुढची सिरिंज नेहमीसारखी भरतो, आकडा तोच ठेवतो आणि पेशंटला औषध निम्मं जायला लागतं. मग बीपी का पडलं म्हणून सगळे धावतात.

आणखी एक. पाळी बदलायच्या वेळी सिरिंज संपत आलेली असेल तर ती पुढच्यावर टाकायची नाही, हा आमचा आपसातला नियम. नॉरॲड रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं. सिरिंज बदलताना हात रेंगाळला की मॉनिटरवर लगेच दिसतं. दहा मिली उरलं असेल तर देणाराच नवीन भरून लेबल लावून ठेवतो आणि मगच निघतो.

आणि प्रत्येक लाईनवर पंपापासून अंगापर्यंत बोट फिरवायचं. चार पंप, दोन ड्रिप, आर्टेरियल लाईन असते. नुसतं नजरेनं फसायला होतं.

जीएनएम_नवी

मी वर्षभरापूर्वी पास झाले. मॅडम, खाटेपाशी जायचं म्हटलं तर सीनियर सिस्टर म्हणतात, "माझ्यावर विश्वास नाही का?" पहिल्या महिन्यात मी एकदा विचारलं की ही ड्रिप किती वाजता लावली, तर सगळ्यांसमोर ऐकवलं, "तक्त्यात बघ, वाचता येतं ना?" तेव्हापासून विचारत नाही. ओव्हर झाली की सगळ्या गेल्यावर एकटीच फिरते आणि आधीपासून बघते. त्यात अर्धा तास जातो, तोवर आठचे डोस उशिरा होतात.

आमच्याकडे ड्यूटी आठ ते आठ. येणारीचेही आठ आणि जाणारीचेही आठ. मधली वेळ कागदावर कुठेच नाही. जाणाऱ्या सिस्टरची शेवटची बस सव्वाआठची असते. त्यांचंही चुकतं असं मी म्हणत नाही.

अधिसेविका_निवृत्त

सरकारी सेवेत अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका, सहायक अधिसेविका करत अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. बेटा जीएनएम, "मधली वेळ कागदावर कुठेच नाही" हे तुझं वाक्य हाच या विषयाचा गाभा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवण्याच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका आणि इतर रुग्णालयांत ५ मागे १ असं आहे, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. मी कित्येक रात्री चाळीस खाटांचा वॉर्ड दोघींवर चालवलेला आहे. चाळीस पेशंटची खाटेपाशी ओव्हर पंधरा मिनिटांत होत नाही, हे सातवा_वॉर्ड यांनीही मान्य करावं.

मग आम्ही काय करायचो? निवड करायचो. ऑपरेशन होऊन २४ तास न झालेले, रक्त चालू असलेले, ऑक्सिजनवरचे, बेशुद्ध, झटके येणारे, आणि ज्याच्याबद्दल जाणाऱ्या सिस्टरला नुसतंच "बरं वाटत नाहीये" असं वाटतंय तो. एवढ्यांपाशी दोघींनी जायचंच. बाकीच्यांचं रिपोर्ट बुकावरून. त्या "बरं वाटत नाहीये"ला मी फार मान देत असे. अनुभवी सिस्टरला पेशंट बिघडणार हे आकड्याच्या आधी जाणवतं.

प्रसूती कक्षातलं एक उदाहरण देते, कारण तिथे तोंडी ओव्हर चालतच नाही. एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून झटके आलेली बाई, झटके थांबवायला मॅगसल्फ चालू. सुरुवातीच्या डोसनंतर दर ४ तासांनी ५ ग्रॅम खोल स्नायूत, आलटून पालटून एकेका कुल्ल्यात. डिलिव्हरी किंवा शेवटचा झटका, यातलं जे नंतरचं असेल तिथून २४ तास. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा जर्क येतो का (ठोकल्यावर पाय उडतो का), श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, लघवी तासाला ३० मिलीच्या खाली तर गेली नाही ना. यातलं एक जरी बिघडलं तर डोस थांबवायचा. आता "मॅगसल्फ चालू आहे" एवढ्यावर घेणारीनं काय करावं? शेवटचा डोस किती वाजता, कुठल्या बाजूला, जर्क होता का, लघवी किती, आणि मॅगसल्फवरचा उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये आहे का, हे पाचही हवं. मी तो जर्क दोघींना एकत्र बघायला लावत असे, म्हणजे "मला तर येत होता" असा वाद पुढे राहत नाही.

आईची_राखण

मी नर्स नाही. आई जनरल वॉर्डात सतरा दिवस होती. खाटेपाशी ओव्हर चांगली हे मान्य, कारण सिस्टर दोनदा तरी येऊन आईला बघत. पण दुसरी बाजू सांगते. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंची ओव्हर चालू असताना मोठ्यानं म्हटलं गेलं, "ही पॉझिटिव्ह आहे, ग्लोव्ह्ज घाल." अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शेजारी कुणी बसेना. त्या बाई भिंतीकडे तोंड करून पडून असत. ते मी विसरू शकत नाही.

आणखी एक. आईसमोर "कॅन्सरची सस्पेक्ट, नातेवाईकांना सांगितलेलं नाही" असं इंग्रजीत बोलल्या. माझी आई शिक्षिका होती.

सातवा_वॉर्ड

आईची_राखण, वाचून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. आम्ही यावर असं केलंय: निदान, रक्ताचे रिपोर्ट, घरच्यांना काय सांगितलंय आणि काय नाही, हे सगळं काउंटरच्या आत, दार लोटून आणि आवाज खाली ठेवून. खाटेपाशी फक्त शरीर आणि पुढचं काम: जखम, नळ्या, ड्रिप, पाठ, वेळ. तिथे पेशंटशीही बोलायचं. "आजी, या सुनीता सिस्टर, रात्री या आहेत. काही सांगायचं राहिलं का?" कितीदा तरी तिथेच कळतं की आजींनी दुपारची गोळी उलटीत टाकली होती.

त्या बाईंबद्दल तर कायदाच स्पष्ट आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कुणाची अशी माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही. आणि ग्लोव्ह्ज तर रक्ताशी संबंध येईल तिथे प्रत्येकासाठी घालायचे असतात. ते कुणा एकीसाठी ओरडून सांगायचं कारणच नाही.

अधिसेविका मॅडम, चाळीस खाटांचं मान्य. तुमची निवडीची पद्धत मी उद्याच लिहून काढते.

लीड्सकर

लीड्सहून, मूळची साताऱ्याची, सरकारी रुग्णालयात नर्स. इथे माझी पाळी साडेबारा तासांची, सकाळी साडेसात ते रात्री आठ. रात्रीची पाळी साडेसातला सुरू होते, म्हणजे मधला अर्धा तास दोघींच्याही पगारात आहे. मला सगळ्यात मोठा फरक हाच वाटला. माणसं तीच, धावपळ तीच, फक्त तो अर्धा तास कामाचा धरलाय.

दुसरं म्हणजे "बरं वाटत नाहीये"ला इथे आकडा जोडलाय. श्वास, ऑक्सिजन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांवरून गुण काढतात. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची पद्धत, २०१२ ची, २०१७ मध्ये सुधारलेली. ५ झाले की डॉक्टरांना लगेच कळवायचं, ७ झाले की तातडी. ओव्हरमध्ये मी नुसता आजचा आकडा सांगत नाही. "सकाळी २, दुपारी ३, आत्ता ४" असं सांगते. चार हा आकडा एकटा फारसा घाबरवत नाही, पण चढ पाहिला की घेणारी आधी त्याच खाटेकडे जाते.

छापलेला ओव्हरचा कागद मिळतो, पाळी संपली की तो गुप्त कागदांच्या पेटीतच टाकायचा. चुकून खिशातून घरी आला तरी तक्रार होऊ शकते.

एक विचारू का? मुंबईत असताना माझ्यासोबत केरळच्या तीन मैत्रिणी होत्या. मी एकदा "दीड मिली" म्हणाले आणि त्यातल्या एकीनं अडीच समजून सिरिंज भरायला घेतली. माझं लक्ष होतं म्हणून थांबवलं. सव्वा, दीड, अडीच हे आपल्याला सोपं वाटतं. तुमच्याकडे याचं काय करता?

नाईट_ऑफ

लीड्सकर, आम्ही आकडे सुटे बोलतो. "एक पॉइंट पाच." १५ आणि ५० इंग्रजीत बोलताना हमखास गफलत होते, म्हणून "एक-पाच", "पाच-शून्य". एकोणतीस, एकोणचाळीस तर मराठी मुलांनाही पटकन कळत नाहीत, "दोन-नऊ" बरं. ऐकणाऱ्यानं तसाच उलट म्हणून दाखवायचा.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर: बाटलीत मिलीला ४० युनिट आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये मिलीला १०० युनिट. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या, म्हणजे ४० वाल्या सिरिंजनं १८ च्या खुणेपर्यंत ओढलं तर आत ४५ युनिट जातात. नारिंगी टोपीची सिरिंज १०० वाली. घरून स्वतःचं पेन आणलेला पेशंट असेल तर ओव्हरमध्ये तेही सांगा.

डॉ_तालुका

फिजिशियन आहे, पन्नास खाटांच्या रुग्णालयात. नर्सिंगचा धागा असला तरी दोन शब्द.

इथे जे चाललंय त्याला चांगला आधार आहे. २०१४ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ९ रुग्णालयांतला बालरोगाच्या निवासी डॉक्टरांवरचा अभ्यास छापून आला. १०,७४० ॲडमिशन. ठरलेल्या साच्यात ओव्हर द्यायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. ओव्हरला लागणारा वेळ वाढला नाही. त्या साच्याची शेवटची पायरी हीच की घेणाऱ्यानं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सातवा_वॉर्ड घेणारीला विचारतात ते याच जातीचं आहे.

आता आमचा दोष. नर्सेसच्या ओव्हरच्या वेळीच आम्ही राउंड काढतो. आठला पोचायचं आणि "सिस्टर, फाईल" म्हणायचं. दोघीही आमच्यामागे येतात आणि ओव्हर तुटते. हा धागा वाचून मी राउंड साडेआठला नेलाय. आणि रात्री फोनवर ऑर्डर देतो ती सिस्टर लिहून वाचून दाखवते, त्याला मी पूर्वी वैतागायचो. आता "वाचून दाखवा" असं मीच म्हणतो.

अधिसेविका_निवृत्त

डॉक्टर, हे तुम्ही उघडपणे लिहिलंत, बरं वाटलं.

पाठ बघण्यावरून एक सांगायचं राहिलं होतं. मुंबईच्या केईएममध्ये तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग, त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर, नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. साडेएकेचाळीस वर्षं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात नोंद आहे की तोवरची सदतीस वर्षं पडून राहूनही त्यांना एकही बेडसोअर झाला नाही. लोक याला माया म्हणतात आणि ती होतीच. पण मी परिचारिका म्हणून वाचते तेव्हा मला त्यात हजारो पाळ्या दिसतात. प्रत्येकीनं पुढचीला सांगितलेलं असणार, आत्ता कुठल्या कुशीवर आहेत, किती खाल्लं, कशानं शांत होतात. त्या काळात नोकरीला लागलेल्या किती जणी त्यांना सांभाळून निवृत्तही झाल्या असतील. तरी धागा तुटला नाही.

जीएनएम_नवी

आठवड्यानं परत लिहितेय. परवा नाईटला जाणाऱ्या सिस्टरांनी सांगितलं, "नऊ नंबर, सलाईन चालू आहे." मी म्हटलं, "सिस्टर, दोन मिनिटं माझ्यासोबत येता? मला शिकायचंय." असं म्हटल्यावर त्या आल्या. चादर बाजूला केली तर हात कोपरापर्यंत सुजलेला, घट्ट झालेला. सलाईन शिरेत जातच नव्हतं. काकू बिचाऱ्या काही बोलल्या नव्हत्या, "सिस्टर कामात होत्या" म्हणाल्या. आम्ही दोघींनी मिळून व्हेनफ्लॉन (शिरेतली सलाईनची नळी) काढला, हात उंच ठेवला, दुसऱ्या हाताला नवीन लावला. सिस्टर रागावल्या नाहीत. पण त्यांची सव्वाआठची गेली. त्यांचे मिस्टर गाडी घेऊन आले, पावणेनऊला निघाल्या.

तेव्हापासून त्या स्वतःच "चल, बघून घेऊ" म्हणतात. पण रोज बस कशी चुकवणार? मॅडम, याला काय करू?

सातवा_वॉर्ड

शाब्बास. "मला शिकायचंय" हे फार छान सुचलं तुला, मी आमच्या नव्या मुलींना सांगणार आहे.

बसचं: उद्यापासून रिपोर्ट बुकात ओव्हर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहा, दोघींच्या सह्या. उशीर झाला तर कारण एका ओळीत. "नऊ नंबर, हात सुजलेला, नवीन लाईन लावली, ८.४०." कुणाची तक्रार म्हणून लिहायचं नाही, झालं ते लिहायचं. महिनाभरानं ती पानं तुमच्या इन्चार्जना दाखव, त्या मेट्रनकडे नेतील. आमच्याकडे मी असंच तीन महिने लिहून घेतलं आणि ते घेऊन व्यवस्थापनासमोर बसले. अर्धा तास मागितला होता, वीस मिनिटं मिळाली. येणारी आता पावणेआठला पंच करते, जाणारी आठ वाजून पाच मिनिटांनी, आणि ती वीस मिनिटं दोघींच्याही ड्यूटीत धरतात. बाकीच्या दहा मिनिटांसाठी पुन्हा लिहून घेतेय.

काकूंचा हात कसा आहे? सूज उतरली का ते कळव.